सेकंड हँड डिजिकॅम घेताय? आधी वीस मिनिटं दुकानात उभं राहून तपासा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे की लेक यंदा पुण्याला कॉलेजला गेली, होस्टेलवरच्या मैत्रिणींकडे बघून तिला छोटा डिजिटल कॅमेरा हवाय, बजेट पाच हजारांच्या आत. पुण्यात एका दुकानात कॅनन पॉवरशॉट ए५७० आयएस साडेचार हजारात सेकंड हँड मिळतोय आणि ऑनलाइन एक बिननावाचा कोरा करकरीत '४८ मेगापिक्सेल, फोर-के' वाला तीन-सव्वातीन हजारात दिसतोय. कुठला घ्यायचा, जुना घेतला तर तपासायचा कसा, आणि घरात चांगला मोबाइल असताना हे करावं का.

मी लग्नाचे आणि पेपरचे फोटो काढण्यात सत्तावीस वर्षं घालवलीत, मध्ये आठ वर्षं फोटो प्रिंट करायची लॅब चालवली, त्यामुळे असले छोटे कॅमेरे शेकड्याने हातातून गेलेत. सरळ सांगतो, जुना घ्या. पण दुकानात वीस मिनिटं उभं राहून, स्वतःचे सेल आणि स्वतःचं कार्ड घालून तपासल्याशिवाय एक रुपया देऊ नका. साडेचार हजार मला जरा जास्तच वाटतात, पण हल्ली मागणी आहे म्हणून भाव चढलेत, तपासणी नीट पार पडली आणि सोबत केबल, पाउच असं काही मिळालं तर चालेल, नाहीतर चारला मागा.

आधी त्या ४८ मेगापिक्सेलवाल्याबद्दल बोलतो कारण बरेच जण तिथेच फसतायत. माझ्या भाचीने असाच एक मागवला होता, रविवारी घेऊन आली की मामा बघ जरा. बटण अर्धं दाबलं तर काहीच होईना, ना फोकसचा चौकोन हिरवा होतो ना बीप येतो, कारण आत फोकसची मोटरच नाही, लेन्स एका ठरावीक अंतराला कायमची बसवलेली. झूम केला तर लेन्स जागची हलत नाही, नुसतं स्क्रीनवरचं चित्र मोठं होतं, म्हणजे ते '१६ एक्स' निव्वळ फोटो कापून ताणणं झालं. फ्लॅशच्या खिडकीत बघितलं तर आत दोन पिवळसर एलईडी, मोबाइलच्या टॉर्चसारखे. मग मी टेबलावर पेपर पसरला आणि त्याचा फोटो काढून कॉम्प्युटरवर मोठा करून बघितला, फाइल तर भलीमोठी, पण बातमीची अक्षरं ओल्या कागदावर शाई फुटावी तशी पसरलेली. आत छोटा साधा सेन्सर (फोटो टिपणारी चिप) असतो आणि सॉफ्टवेअर त्या चित्राला ताणून ४८ चा आकडा गाठतं. पोरगी हिरमुसली, आणि ते बघून मला फार वाईट वाटलं, कारण तिने स्वतःच्या साठवलेल्या पैशातून घेतला होता. लहान मुलांना खेळायला द्यायचा असेल तर ठीक आहे, पण जिला फोटोची खरंच आवड लागलीय तिच्या हातात तो देऊ नका.

आता ए५७० आयएस. हा २००७ सालचा कॅमेरा, ७.१ मेगापिक्सेल, ४ एक्स ऑप्टिकल झूम म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या ३५ ते १४० मिलिमीटर लेन्सच्या बरोबरीचा, आत खरं ऑप्टिकल स्टॅबिलायझेशन (लेन्समधली काच हलवून हाताची थरथर सांभाळणं), दोन साध्या एए सेलवर चालतो आणि मला यातलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे याच्या डायलवर पी, एव्ही, टीव्ही, एम हे सगळे मोड आहेत, म्हणजे उजेडाचं गणित थोडं किंवा सगळं स्वतः ठरवता येतं. त्या काळात स्वस्तातल्या कॅमेऱ्यात ही चैन होती, पोरीला शटर स्पीड म्हणजे उजेड किती वेळ आत घ्यायचा, अॅपर्चर म्हणजे लेन्सचं भोक किती उघडायचं, हे हाताने फिरवून शिकता येईल. वर डोळा लावून बघायची छोटी खिडकीसुद्धा आहे, भर उन्हात स्क्रीन दिसेनाशी होते तेव्हा ती खिडकीच उपयोगी पडते (फक्त खिडकीत दिसतं त्यापेक्षा फोटोत कडेने थोडं जास्त येतं, हे तिला सांगून ठेवा).

सात मेगापिक्सेल कमी नाहीत का, हे तुम्ही विचारणारच. लॅबमध्ये आम्ही ४ बाय ६ चा प्रिंट ३०० डीपीआयला (इंचाला ३०० ठिपके) काढायचो तर त्याला १२०० बाय १८०० पिक्सेल लागतात, म्हणजे दोन मेगापिक्सेलच्या जरा वर. या कॅमेऱ्याचा फोटो ३०७२ बाय २३०४ असतो, त्यातून १० बाय ७ इंचाचा प्रिंट स्वच्छ निघतो, भिंतीवर लावायला ८ बाय १२ सुद्धा मी डोळे झाकून काढून देईन. व्हॉट्सअॅपवर टाकायला तर त्याच्या निम्मेही पुरतात.

मोबाइल असताना कशाला, याचं उत्तर मात्र प्रामाणिकपणे द्यायला हवं. रात्री, फ्लॅश न वापरता, अंधुक उजेडात तुमचा मोबाइल या कॅमेऱ्याला सहज मागे टाकेल. याचा सेन्सर ५.८ बाय ४.३ मिलिमीटरच्या आसपास, म्हणजे तुरीच्या डाळीच्या दाण्याएवढा, आणि मोबाइल एका क्लिकमध्ये चार-सहा फोटो काढून ते एकत्र जोडतो, तसं हा करत नाही. पण तेच उलटं बघा, मोबाइल सावल्या उजळतो, आकाश निळं करतो, चेहरा गुळगुळीत करतो, तुम्ही सांगा किंवा नका सांगू. हा कॅमेरा एकच फोटो काढतो, उजेड जसा असेल तसा, ऊन असेल तर ऊन आणि सावली असेल तर काळी सावली. आणि फ्लॅश! याचा फ्लॅश झेनॉनचा असतो, काचेच्या नळीतला, सेकंदाच्या हजाराव्या भागाहून कमी वेळात चमकून जातो, म्हणून नाचताना उडालेली वेणी, हवेतला गुलाल, टाळी वाजवणारे हात जागच्या जागी गोठतात. एलईडीने ते होत नाही. पोरींना जे 'जुन्या कॅमेऱ्याचं फीलिंग' हवं असतं त्यातला निम्मा वाटा या फ्लॅशचाच आहे असं माझं मत आहे. सीसीडी (जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांत असायचा तो) सेन्सरची जादू वगैरे जे बोललं जातं त्यावर फार जाऊ नका, रंग हे सेन्सरपेक्षा कंपनीने आत जे प्रोसेसिंग बसवलंय त्यावर जास्त अवलंबून असतात. नुसतं 'सीसीडी आहे' म्हणून कोणी हजार रुपये वर मागत असेल तर देऊ नका.

आणि एवढे जुने कॅमेरे येतात कुठून म्हणाल तर २०१० साली जगभरात एका वर्षात १२ कोटींच्या आसपास डिजिटल कॅमेरे कंपन्यांनी बाहेर पाठवले होते, त्यातले बहुतेक असले खिशातले. मग मोबाइल आले आणि हे सगळे कपाटात, माळ्यावर गेले. त्यामुळे आधी घरात, नातेवाइकांत विचारा, कुणाच्या ना कुणाच्या शोकेसच्या खणात एक पडलेला असतोच. पुण्यात बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारातही दिसतात, पण तिथे तपासायला सवड मिळत नाही, म्हणून नवख्याने दुकानातूनच घ्यावा.

लेकीला दुकानात पाठवताना सोबत चार गोष्टी द्या. नवे अल्कलाइन एए सेल दोन, एक एसडी कार्ड २ जीबी किंवा ८ जीबीचं, त्या दिवसाचा पेपर, आणि एक पांढरा कोरा कागद. कार्डाबद्दल नीट लक्ष द्या, जुन्या कॅमेऱ्यांत सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. साधं एसडी २ जीबीपर्यंत, एसडीएचसी ४ ते ३२ जीबी, त्याच्या वरचं एसडीएक्ससी. ए५७० एसडीएचसी घेतो म्हणून ८ जीबीचं चालेल, पण याच्याही आधीचे कित्येक कॅमेरे फक्त साधं एसडी घेतात आणि मोबाइलमधलं ६४ जीबीचं घातलं की 'कार्ड एरर' दाखवतात, दुकानदार म्हणतो कॅमेरा खराब, कॅमेरा बिचारा ठणठणीत असतो. दुसरा एखादा कॅमेरा आवडला आणि त्यात सोनीची मेमरी स्टिक किंवा ऑलिंपस-फुजीचं एक्सडी कार्ड लागत असेल तर कार्ड सोबत मिळत असेल तरच घ्या, ती कार्डं आता शोधत फिरावं लागतं.

आता दुकानात. सेल घालायचं झाकण आधी बघा, त्याला प्लास्टिकचा एक बारीक हूक असतो, तो तुटला की झाकण बसत नाही आणि मग रबरबँड लावून कॅमेरा चालवायची पाळी येते, मी असे लावून आणलेले पुष्कळ बघितलेत. झाकण उघडून आतल्या पत्र्याच्या पट्ट्या बघा, पांढरी-हिरवी भुकटी दिसली तर आत कधीतरी सेल गळालाय. थोडी असेल तर कानातल्या बडवर व्हिनेगरचा थेंब घेऊन पुसली की निघते, पण पट्टी खाऊन काळी पडली असेल तर सोडून द्या.

मग कॅमेरा कानाजवळ धरून चालू करा. हो, कानाजवळ. लेन्स बाहेर येताना एकसारखा गुळगुळीत घर्र आवाज यायला हवा, मध्ये कचकच आली किंवा अडखळून पुढे गेली तर आत वाळू आहे. समुद्रावर नेलेल्या कॅमेऱ्यांचं हे ठरलेलं दुखणं, आज लेन्स उघडतेय, पंधरा दिवसांनी अर्धवट बाहेर येऊन 'लेन्स एरर' दाखवून बंद पडेल, आणि ती दुरुस्ती कॅमेऱ्याच्या किमतीपेक्षा महाग जाते. पाच वेळा चालू-बंद करायला सांगा, झूम पूर्ण आत, पूर्ण बाहेर, तेही पाच वेळा.

नंतर लेन्समध्ये मोबाइलचा टॉर्च तिरका मारून बघा. धुळीचे दोन-चार कण असले तर काही बिघडत नाही, फोटोत येत नाहीत. पण कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे कडेने आत पसरलेले दिसले तर ती बुरशी, फंगस. तुम्ही रत्नागिरीच्या, तुम्हाला वेगळं काय सांगायचं, कोकणात पावसाळ्यात चामड्याच्या पाउचमध्ये बंद ठेवलेला कॅमेरा चार महिन्यांत असा होतो. माझी स्वतःची एक लेन्स गुहागरच्या घरी कपाटात एकाच पावसाळ्यात गेली, आईच्या साठीला काढलेल्या फोटोंची लेन्स होती, अजून जपून ठेवलीय पण तिच्यातून आता सगळं दुधातून बघितल्यासारखं दिसतं.

आता पेपरचं काम. पेपरचं पूर्ण पान दुकानाच्या दारात, उजेडात, भिंतीला सरळ चिकटवायचं किंवा कुणाला ताणून धरायला सांगायचं आणि समोरून, कॅमेरा तिरका न धरता, पान फ्रेमभर येईल असा फोटो काढायचा, एक पूर्ण वाइडला (झूम न करता) आणि एक झूम करून. मग स्क्रीनवर मोठा करून चारही कोपरे बघायचे. मधली अक्षरं टोकदार आणि चारही कोपरे थोडे मऊ, हे अशा कॅमेऱ्यात चालायचंच. पण तीन कोपरे बरे आणि एकच कोपरा पार धुरकट असेल तर लेन्स आतून तिरकी झालीय, कॅमेरा कधीतरी जोरात पडलाय. बाहेरून ओरखडा नसला तरी हे होतं, आणि बहुतेक लोक हेच तपासत नाहीत.

पांढऱ्या कागदाचा फोटो झूम करून काढायचा, त्यात करडे गोल ठिपके आले तर सेन्सरवर धूळ बसलीय, आणि ती आपल्याला पुसता येत नाही कारण लेन्स निघत नाही. मग लेन्स हाताने पूर्ण झाकून एम मोडवर एक सेकंदाचा फोटो, काळ्यात एक-दोन रंगीत ठिणग्या दिसल्या तर चालतील, आकाशात चांदण्या पसरल्यासारखं दिसलं तर नको. फ्लॅश लागोपाठ सहा वेळा उडवा, वर्षानुवर्षं पडून असलेल्या कॅमेऱ्याचा फ्लॅश पहिल्या वेळी उडतो आणि नंतर चार्जच होत नाही असं होतं. एक गोष्ट कळकळीने सांगतो, बिघडला तर घरी स्क्रू काढून उघडू नका, फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज साठलेला असतो, सेल काढले तरी तो राहतो, आणि त्याचा झटका जबरदस्त बसतो.

दोन गोष्टी दिसल्या तर घाबरू नका. ट्यूबलाइट किंवा सूर्याकडे कॅमेरा केल्यावर स्क्रीनवर उभी जांभळी रेघ दिसते, ती सीसीडीची सवय आहे, फोटोत येत नाही, व्हिडिओत मात्र येते. आणि दर वेळी तारीख विचारत असेल तर आतला छोटा बटण-सेल संपलाय, या ए सिरीजच्या कित्येक मॉडेलमध्ये तो बदलता येतो, फार खर्च नाही. याउलट स्क्रीनवर सगळंच चित्र जांभळं, आडव्या रेघांचं, वितळल्यासारखं दिसत असेल तर तिथल्या तिथे परत करा. साधारण २००२ ते २००४ मध्ये बनलेल्या बऱ्याच कंपन्यांच्या कॅमेऱ्यांत सेन्सरच्या आतली जोडणी उष्ण दमट हवेत सुटायची, २००५ मध्ये कंपन्यांनी स्वतःच तशा सूचना काढल्या होत्या. तुमचं मॉडेल त्यानंतरचं आहे, पण दुकानदाराने 'हा त्याहून स्वस्त देतो' म्हणून २००३ चा काढला तर हे लक्षात असू द्या, आणि आपल्याकडची हवा तर उष्ण आणि दमट दोन्ही.

एवढं पार पडलं की घ्या. पण खरी परीक्षा पुढच्या आठवड्यात आहे, आणि ती कॅमेऱ्याइतकीच लेकीचीही आहे. मोबाइलची सवय असलेली मुलं बटण एकदम दाबतात आणि म्हणतात फोटो उशिरा निघतो, हसू गेल्यावर निघतो. या कॅमेऱ्याला आधी फोकस शोधायला वेळ लागतो. म्हणून बटण अर्धं दाबायचं, बीप येऊन चौकोन हिरवा झाला की बोट तसंच दाबून धरायचं, वाट बघायची, आणि नेमक्या क्षणी उरलेलं अर्धं दाबायचं. मग उशीर जवळजवळ होत नाही. पेपरसाठी काम करताना पालखीत मी असंच करायचो, वारकरी उडी मारायच्या आधीच फोकस घेऊन ठेवलेला, डोळा त्याच्या पायांकडे, पाय जमिनीवरून सुटले की बोट खाली. मुलीला म्हणावं दोन दिवस दुसरं काही करू नकोस, एवढंच बोटात बसव.

आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ठेवायचा तो आकडा, ऑटोवर ठेवू नका. दिवसा ८० किंवा १००, घरात २००, अगदीच झालं तर ४००, त्याच्या वर रवा सांडल्यासारखे दाणे दिसायला लागतात. घरात उजेड कमी असेल तर खिडकीजवळ जा. गेल्याच महिन्यात माझ्याकडे असाच एक जुना कॅमेरा तपासायला आला होता तेव्हा मी तो काकूच्या स्वयंपाकघरात नेला, तिथे एकच खिडकी, सकाळचे नऊ, काकू भाकरी थापत होती. फ्लॅश मारला तर मागच्या पितळी डब्यावर पांढरा ठक्क डाग आणि काकूचा चेहरा चपटा. फ्लॅश बंद केला, आयएसओ २००, कोपर ओट्याला टेकवलं, स्टॅबिलायझेशन चालू, शटर १/२० सेकंदाच्या आसपास आलं, आणि काकूने भाकरी परातीतून उचलून तव्याकडे नेताना क्षणभर हात थांबवला तेव्हा क्लिक केलं. हातावरचं पीठ, मनगटातली बांगडी, खिडकीकडची बाजू उजळ आणि दुसरी पार काळोखात. तो फोटो मी प्रिंट करून काकूला दिला. माझ्या मोबाइलने त्याच वेळी काढलेल्या फोटोत मागचे सगळे डबे, कॅलेंडर, गॅसची नळी लख्ख दिसत होती आणि काकू त्यात हरवली होती.

सेलचं तेवढं सांगून थांबतो कारण तुम्ही चार्जरबद्दल विचारलंय. भिंतीवरच्या घड्याळाचे सेल यात अजिबात घालू नका, लेन्स बाहेर येईपर्यंतच जीव सोडतात, एवढा करंट एकदम द्यायची त्यांची ताकद नसते. अल्कलाइन चालतात, पण पटकन संपतात. निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल घ्या, त्यातही 'लो सेल्फ डिस्चार्ज' (पडून राहिले तरी लवकर न उतरणारे) लिहिलेले, २००० एमएएचच्या आसपासचे, चारचा सेट आणि प्रत्येक सेल वेगळा चार्ज करणारा चार्जर. ते १.२ व्होल्टचे असतात म्हणून कॅमेरा कधी कधी बॅटरी लो लवकर दाखवतो, तरी त्यावर अल्कलाइनच्या दुप्पट-तिप्पट फोटो निघतात. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नका. सुट्टीत रत्नागिरीला आली की सेल काढून कॅमेरा पाउचमधून बाहेर काढायचा आणि सिलिका जेलच्या दोन पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवायचा, तांदळात नको, त्याची भुकटी लेन्सच्या फटीत जाते. निळ्या दाण्यांचं सिलिका जेल गुलाबी झालं की मंद आचेवर तव्यात परतून परत निळं होतं, फक्त तो तवा पुन्हा स्वयंपाकाला वापरू नका. आणि पंधरा दिवसांतून एकदा डब्यातून काढून दहा मिनिटं चालू करायचा, लेन्स आत-बाहेर, चार फ्लॅश, की पुन्हा डब्यात.